छोटी चुकीच्या कडेला उभी राहिली

बाबा,

छोटी आता रग्बी खेळते. तुम्ही गेलात तेव्हा ती तिसरीत होती आणि शाळेच्या खो-खोत घाईघाईत मधूनच उलटी वळून फाउल करायची, तेवढंच तुम्हाला ठाऊक. रग्बी हा शब्द आपल्या घरात तेव्हा कुणी उच्चारला असेल असं वाटत नाही, म्हणून आधी खेळ सांगतो. चेंडू लांबट असतो, कोहळ्यासारखा. तो छातीशी धरून पुढे पळायचं आणि समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. समोरचे तुम्हाला कमरेला मिठी मारून पाडतात, आणि ते नियमात बसतं. चेंडू हातानं द्यायचा तर फक्त मागच्याला देता येतो, पुढच्याला नाही. मी सगळे नियम वाचून काढले आहेत. आवड होती म्हणून नाही. भीती वाटायची म्हणून. कुठली धडक नियमात बसते आणि कुठली नाही, हे कळलं तर भीती कमी होईल असं मला वाटलं होतं.

इथे जबलपुरात, महाराजपुरच्या मैदानावर फौजेतून निवृत्त झालेले एक सर मुलींना हा खेळ शिकवू लागले, तिथून सुरुवात झाली. छोटी पळते खूप. खो-खोमुळे तिला हुलकावणी देता येते. सर तिला म्हणाले, ‘बेटा, तू किनारे पे खड़ी रह, बॉल मिले तो भाग.’ त्या दिवसापासून ती डाव्या कडेला खेळते. आधी जिल्हा, मग राज्य, आणि या वर्षी देशाच्या संघात. हा खेळ ज्या देशांत अजून नीट रुजलेला नाही अशा देशांची एक स्पर्धा होती. मोठ्या संघांच्या स्पर्धेत ज्यांना कुणी बोलावत नाही ते सगळे यात येतात. लाओस आणि गुआम ही नावं मी नकाशात शोधली. गुआम तर इतकं लहान आहे की बोटाखाली झाकलं गेलं. स्टेडियम जवळजवळ रिकामं असायचं. खुर्च्यांवर खेळाडूंच्याच बॅगा दिसायच्या. सामने फोनवर दिसायचे, आणि घरच्यांसाठी जो ग्रुप केला होता त्यावर मॅनेजर मॅडम लिंक टाकायच्या.

मी सामने दुकानात पाहायचो. तुम्ही गेल्यावर अकरावी अर्धीच राहिली. तेव्हापासून मी घमापुरला एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, श्रद्धांजलीचे फलक, सगळं अक्षरजुळणीचं काम माझ्याकडे आहे. मालक मला ‘मास्टरजी’ म्हणतात, कारण माझ्या हातून अनुस्वार सुटत नाही. ते तुमच्यामुळे. दर रविवारी जेवणं झाली की तुम्ही मला मराठीचं एक पान लिहायला बसवायचे. शाळा हिंदी, गल्ली हिंदी, पण ते एक पान मराठी. एकदा मी घाईत लिहून पाच-सहा ठिकाणी खोडलं, तर तुम्ही पान फाडलं नाही की मारलं नाही. फक्त म्हणाले, ‘आधी थांब. मग लिही. खोडायची पाळी काहून येऊन राहिली?’ आणि त्याच दिवाळीला नागपूरहून माझ्यासाठी मराठी शब्दकोश आणला. छोटीला फुलबाज्या आणि मला शब्दकोश. मी रडलो होतो तेव्हा. आता तो दुकानात माझ्या टेबलावर असतो आणि मराठी पत्रिका वर्षातून दोनच छापायला येतात.

उपांत्य सामन्याच्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मालक माझ्या पाठीमागे स्टूल ओढून बसले होते. त्यांना खेळातलं काही कळत नाही, पण छोटी पडली की ते ‘हाय राम’ म्हणायचे आणि उठली की चहा मागवायचे. ‘मास्टरजी, ये खेल है कि बारात का झगड़ा?’ असं त्यांनी विचारलं, आणि मी त्यांना सांगत होतो की चेंडू मागेच का द्यावा लागतो. तेवढ्यात छोटीकडे चेंडू आला. ती कडेनं निघाली, एकीला चुकवलं, दुसरीनं कमरेला धरलं, आणि पडता पडता तिच्या कानाच्या वरचा भाग तिसरीच्या गुडघ्यावर आदळला. मुद्दाम कुणी काही केलं नव्हतं. डॉक्टर पाण्याची बाटली घेऊन आले, छोटीनं अंगठा दाखवला, मालकांनी चहा मागवला. खेळ पुन्हा सुरू व्हायचा होता. आपल्या मुली आपापल्या जागी गेल्या, आणि छोटी उजव्या कडेला जाऊन उभी राहिली.

कॅमेरा तिच्यावर नव्हता. ती चित्राच्या कोपऱ्यात दिसत होती, कमरेवर हात ठेवून, चेंडू कधी येतो याची वाट पाहत. उजव्या कडेची मुलगी तिथे आली, दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या, मग त्या मुलीनं तिला जर्सीला धरून डावीकडे ढकललं. छोटी पळत आपल्या जागेवर गेली. पुढे तिनं एकीला छान पाडलंसुद्धा. आपण जिंकलो. मालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी तो भाग मागे नेऊन पाहिला, आणि पुन्हा पाहिला. नळ बंद केल्यावर पाइपात हवा राहते तसं काहीतरी आत होतं.

तुमची ती संध्याकाळ तुम्हाला किती आठवते, मला माहीत नाही. तुम्ही पंख्याचं कपॅसिटर आणायला गेला होता. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, तुम्ही वाकून बाहेर आले आणि जरा आधीच सरळ झाले. घरी आलात तेव्हा स्कूटर शेजारच्या काकांच्या अंगणात लावली, त्यांच्याच पायरीवर बूट काढले आणि त्यांच्या खाटेवर जाऊन बसले. काका म्हणाले, ‘काय साहेब, आज मुक्काम आमच्याकडे? वहिनींनी हाकललं का?’ सगळे हसले. तुम्हीही हसलात. आई पाणी घेऊन तिकडेच आली आणि तिनं विचारलं तेव्हा तुम्ही डोक्याला हात लावून म्हणालात, ‘शटर लागलं थोडं. काही नाही झालं.’ मग घरी येऊन पंखा दुरुस्त केला, वरणभात खाल्ला, छोटीला पाढे म्हणायला लावले आणि झोपलात. त्याच्या पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. सकाळी पंखा चालू होता आणि आई तुम्हाला हलवत होती. डॉक्टर म्हणाले, आतल्या आत रक्त साचलं. लगेच आणलं असतं तर कदाचित. ‘कदाचित’ हा शब्द त्यांनी हिंदीतून सांगितला, ‘शायद’, आणि फाइल मिटली.

संध्याकाळी मी छोटीला व्हिडिओ कॉल केला. तिनं खोलीतला दिवा लावला नव्हता. अंधारात नुसते दात दिसत होते.

‘दादा, पाहिलं का? कसं पाडलं मी तिला!’

‘पाहिलं. दिवा लाव ना.’

‘राहू दे. डोळ्याला लागून राहिला तो. आईनं काय केलं आज?’

‘पाटोडीची भाजी. तू उजव्या बाजूला काहून उभी होतीस?’

‘कधी?’

‘डोक्याला लागल्यावर.’

‘अरे यार, कन्फ्यूज झाली थोडी. सगळेच होतात. तू ना, कोणाला शिंक आली तरी ॲम्ब्युलन्स बोलावशील.’ ती हसली. मागून कुणीतरी मुलगी हिंदीत ओरडली, ‘किससे बात कर रही है?’ आणि छोटी म्हणाली, ‘मेरे घर के डॉक्टर साहब से.’ मग ती आवाज खाली करून मला म्हणाली, ‘हे पाह्य दादा, मॅडमला काही सांगशील नको. फायनलला निवडणारे येऊन राहिले. नोकरी आहे, सरकारी, खेळाडूंच्या कोट्यातली. अशी संधी मला पुन्हा नाही येणार. तुला माझी शपथ.’ मी ‘आराम कर’ एवढंच म्हणालो. ती म्हणाली, ‘चलो, ठेवते. आईनं काय केलं आज?’

मी पुन्हा ‘पाटोडी’ म्हणालो. तिनं ‘मस्त’ म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात छोटीचाच फ्लेक्स करायला आला. आपल्या वॉर्डातल्या नेत्याची माणसं होती. इथली पद्धत तुम्हाला माहीत आहे. निकाल लागायच्या आधीच अभिनंदन छापून ठेवतात. नंतर छापलं तर चौकातल्या खांबावर दुसऱ्याचा फ्लेक्स आधी चढतो. मजकूर असा होता: ‘जबलपुर की शान, देश की बेटी को स्वर्ण पदक जीतने पर हार्दिक बधाई’. वर नेत्याचा चेहरा, खाली त्यांच्या मुलाचा चेहरा, आणि कोपऱ्यात चेंडू घेतलेली छोटी. मी म्हणालो, ‘फायनल तो अभी हुआ नहीं है.’ तर तो माणूस म्हणाला, ‘अरे भैया, आपकी ही तो बहन है, शुभ-शुभ बोलो.’ मालकांनी मला डोळ्यानं खुणावलं. मी बसलो. छोटीचा फोटो लहान होता, तो मोठा करताना स्क्रीनभर तिचा चेहरा आला. कपाळावर घाम, दातांत निळं रबर, जे खेळताना घालतात. ‘स्वर्ण’मधला रफार नीट बसला आहे का हे पाहायला मी आणखी जवळ गेलो आणि तसाच बसून राहिलो. मालक म्हणाले, ‘मास्टरजी, क्या हुआ, गलती मिली?’ मी म्हटलं, नाही.

त्यानंतर मी बाहेर नळाजवळ जाऊन मॅनेजर मॅडमना फोन लावला. काय बोलायचं ते आधी मनात हिंदीत नीट लावून घेतलं होतं, तरी अडखळलो. त्या म्हणाल्या, ‘आप भाई हैं ना? डॉक्टर ने देखा था मैदान में. बिल्कुल ठीक है वो, सुबह दौड़ के आई है.’ मी म्हणालो, ‘मॅडम, वो दूसरी तरफ जाके खड़ी हो गई थी. वीडियो में है. और मुझसे एक बात दो बार पूछी.’ त्या जरा वैतागल्या. ‘देखिए, फायनल सामने है, लड़कियाँ इतनी खुश हैं…’ मग थांबल्या. त्यांच्याकडे कुणीतरी शिटी वाजवत होतं. ‘भेजिए,’ त्या म्हणाल्या. मी नेमका तेवढा भाग कापून पाठवला, खाली एका ओळीत लिहिलं की कोपऱ्यात पाहावं, आणि पाठवण्याआधी ती ओळ पुन्हा वाचली. पाठवताना मला वाईट वाटलं नाही, चांगलंही वाटलं नाही. आत येऊन फ्लेक्स पूर्ण केला. मशिनीतून छोटी पायांकडून वर सरकत बाहेर आली, सगळ्यात शेवटी चेहरा.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्यांनी तिची तपासणी केली. डोक्याला मार लागल्यावर जी करतात ती: आकडे सांगून उलटे म्हणायला लावतात, एका पायावर उभं करतात. तिला जमलं नाही. तिला खेळवलं नाही. डाव्या कडेला दुसरी मुलगी उभी राहिली, आणि फायनलला समोर असलेल्या गुआमच्या मुली त्याच कडेनं दोनदा रेषेपलीकडे गेल्या. छोटी बाकावर होती, अंगावर जाकीट, डोळ्यांवर कुणाचा तरी काळा चष्मा. आपण थोडक्यात हरलो. निवडणारे आले होते. त्यांनी ज्या खेळताना दिसल्या त्यांची नावं घेतली.

स्टेशनवर तिला घ्यायला मी आणि शेजारचे काका गेलो. तिनं रौप्यपदक पिशवीत ठेवलं होतं. मी बॅगेला हात घातला तर तिनं ती काकांच्या हातात दिली. तो फ्लेक्स आता मालकांनी उलटा करून कुलरवर पांघरला आहे. इथल्या इस्पितळात तिला तपासलं. डॉक्टर म्हणाले, काही दिवस विश्रांती, मोबाइल कमी, नंतर हळूहळू पळायला हरकत नाही. रक्त वगैरे काही साचलेलं नव्हतं. आईनं विहारात जाऊन फुलं वाहिली. मला वाटलं आता छोटी बोलेल. ती बोलली, पण आईमार्फत. ‘आई, त्याला सांग चार्जर परत ठेव म्हणून.’ मी समोरच बसलेलो असतो. आई आधी दोघांकडे आळीपाळीनं पाहायची, आता तीही भांडी घासता घासता सांगून टाकते, ‘ऐकलं का रे, चार्जर.’

फक्त एकदा ती थेट बोलली. गच्चीवर कपडे वाळत घालत होती, मी पाण्याची टाकी पाहायला गेलो होतो. मागे न वळता म्हणाली, ‘डॉक्टरनं काय सांगितलं ते ऐकलं ना? ठीक आहे म्हणाले. म्हणजे काही झालंच नव्हतं.’

मी म्हटलं, ‘पुन्हा लागलं असतं तर?’

‘नसतं लागलं.’

‘तुला कसं माहीत?’

‘तुला कसं माहीत?’ ती वळली. चिमटा हातातच होता. ‘तू मला पाहिलंच नाही दादा. तुला तिथं बाबा दिसले. बाबा मला आठवत पण नाहीत धड. त्यांच्यासाठी मी फायनल काहून सोडायची?’

मी टाकीचं झाकण लावलं आणि खाली आलो. त्या दिवसापासून हेच डोक्यात आहे, आणि तुम्हाला विचारण्यासारखं दुसरं कुणी नाही. तिचं बरोबर असेल. मी तो भाग पुन्हा उघडून पाहिला, नीट, जसं एखादं छापलेलं पान दुसऱ्यांदा तपासतो तसं, की मला खरंच कोण दिसतं. तिचे लांब पाय दिसतात, तिची वेणी दिसते, कमरेवरचे हात दिसतात. तुमचे हात असे कधी कमरेवर नसायचे. ती छोटीच आहे. पण ती ज्या निवांतपणे तिथे उभी आहे, आपण चुकीच्या जागी आहोत हे अजिबात न कळून, ते मी आधी पाहिलेलं आहे. दोन्ही खरं आहे, आणि यातलं एक खोडून दुसरं लिहिता येत नाही. मी फोन केला नसता तर ती खेळली असती, कदाचित जिंकली असती, आज तिच्या हातात नेमणुकीचा कागद असता. किंवा नसता. हे आता कुणीच सांगू शकत नाही. तुम्ही वाचला असता तर मलाही कळलं असतं की चुकीच्या अंगणात स्कूटर लावली तरी माणूस सकाळी उठतो, आणि मी नळाजवळ गेलो नसतो.

ती पुन्हा मैदानावर जाऊ लागली आहे. सरांनी तिला सध्या फक्त पळायला सांगितलं आहे. सकाळी दाराची कडी वाजते, मग तिच्या बुटांचा आवाज गल्लीत लांब जातो. मी जागाच असतो. काल आईनं चहा देताना म्हटलं, ‘एवढा चेहरा पाडून काहून बसून राहिला? बोलेल ती. पोरगी घरात आहे ना, जिती-जागती? मग?’ मी म्हटलं, ‘ती नाही बोलली तरी चालेल मला. बरी आहे, एवढं पुरे.’ आई म्हणाली, ‘शहाणा आहेस,’ आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

आज रविवार आहे. दुकान बंद असतं, पण किल्ली माझ्याकडे असते, म्हणून इथेच बसून हे लिहिलं. एकही शब्द खोडलेला नाही. अर्थात कॉम्प्युटरवर खोडलेलं दिसतही नाही. हे छापणार नाही आणि घरीही नेणार नाही. छोटीच्या हाती लागलं तर तिला वाटेल की मी अजूनही तिच्याऐवजी तुमच्याशीच बोलतो. उठण्याआधी एवढंच सांगतो, बाबा. आईला काल जे म्हणालो ते मी अगदी सरळ तोंडानं म्हणालो, आणि तिनं ते खरं मानलं.

मला नाही चालत.